जुन्या कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक पिकअपला जोडताना: वायर, अर्थ आणि मोजमाप

जुना कॅम्पर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) विकत घेतला की त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक बहुतेक वेळा 'आहेत, पण लागत नाहीत' अशा अवस्थेत मिळतात. मग माणूस मॅग्नेट (चाकाच्या ड्रममधला विद्युतचुंबक) बदलतो, कंट्रोलर (ट्रकमधून या ब्रेकना करंट सोडणारा डबा) बदलतो, आणि ब्रेक तरीही ढिलेच राहतात. दोष बहुधा या दोहोंच्या मधल्या तारेत असतो: बारीक गेजची वायर, टेपखाली गंजलेला जोड, किंवा चॅसीच्या भरवशावर सोडलेली अर्थ. म्हणून कोणत्या कंपनीचा भाग घ्यावा याची चर्चा इथे फारशी नाही. वायर कुठून कुठे न्यावी आणि शेवटी मॅग्नेटवर नेमके किती व्होल्ट पोचतात हे कसं मोजावं, यावर सगळा भर आहे.

अमेरिका आणि कॅनडात नेहमी दिसणारी मांडणी मी गृहीत धरली आहे: १२ व्होल्टची पिकअप, बॉल हिचवर ओढला जाणारा एक किंवा दोन ॲक्सलचा कॅम्पर, आणि सात पात्यांचा गोल प्लग. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या (सुमारे १,३६० किलो) वर वजन असलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ही मर्यादा १,५०० पौंड आहे. आपल्या राज्याचा नियम पाहून घ्याच. पण नियम काहीही असो, दीड-दोन टनांचा कॅम्पर उतारावर फक्त ट्रकच्या ब्रेकवर रोखून धरायची वेळ कुणावरही येऊ नये.

ब्रेक आत कसा लागतो

ड्रमच्या आत एक लिव्हर असतो आणि त्याच्या टोकाला मॅग्नेट. करंट आला की मॅग्नेट ड्रमच्या आतल्या सपाट, फिरत्या पृष्ठभागाला चिकटतो. ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, लिव्हर फिरतो, पुढचा शू ड्रमवर दाबला जातो आणि तो मागच्या शूला ढकलतो. चाक थांबवण्याची खरी ताकद फिरत्या चाकातूनच येते. वीज फक्त सुरुवात करून देते. म्हणूनच कॅम्पर उभा असताना ब्रेक लावला तर मॅग्नेटची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येते. ब्रेक धरतो की नाही, हे चाक फिरवल्याशिवाय कळत नाही.

व्होल्टेज कमी पडलं की मॅग्नेटची पकड कमी होते, आणि पकड कमी झाली की पुढचं सगळंच कमी होतं. हे एकदा लक्षात आलं की वायरिंगला इतकं महत्त्व का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता काही आकडे जवळ ठेवा. १० किंवा १२ इंची ड्रमच्या मॅग्नेटचा रोध साधारण ३.२ ओहम असतो आणि तो सुमारे ३ अँपिअर घेतो. एका ॲक्सलला दोन मॅग्नेट, म्हणजे ६ अँपिअर. दोन ॲक्सलला चार, म्हणजे १२ अँपिअरच्या आसपास. सगळे मॅग्नेट समांतर जोडलेले असतात. त्यामुळे दोन मॅग्नेटचा मिळून रोध १.६ ओहम आणि चारांचा ०.८ ओहम भरतो.

आधी चाकं काढा

वायरला हात लावण्यापूर्वी ड्रम उघडून पाहणं गरजेचं आहे. कॅम्पर सपाट जागी उभा करा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, जॅकने उचला आणि वजन जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टांगलेल्या कॅम्परखाली शिरू नका.

ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्याने पुसून घ्या. मग लायनर पाहा. तो झिजून पातळ झाला असेल किंवा ग्रीसने चिकट झाला असेल, तर शू बदला. ग्रीसने भिजलेला लायनर धुऊन पूर्ववत होत नाही, आणि मागचं सील बदललं नाही तर नवा लायनरही तसाच भिजेल. मॅग्नेटच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. तोंड सपाट हवं. एका कडेला जास्त झिजलं असेल, खोल चरे असतील किंवा आतलं तांब्याचं वेटोळं दिसू लागलं असेल, तर मॅग्नेट बदला, आणि तेही त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम.

मल्टिमीटरने प्रत्येक मॅग्नेटच्या दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायला विसरू नका. इतक्या कमी रोधात तो फरक मोठा असतो. त्यानंतर एक पिन मॅग्नेटच्या धातूवर आणि दुसरी तारेवर ठेवा. इथे कंटिन्युइटी (करंटला अखंड वाट) मिळाली तर आतलं वेटोळं धातूला टेकलं आहे. असा मॅग्नेट फेकून द्या.

आतलं बरंच काही संपलं असेल तर सुटे भाग जमवण्यापेक्षा बॅकिंग प्लेटसकट तयार ब्रेक असेंब्ली घेणं मला शहाणपणाचं वाटतं. किंमतीत फार फरक पडत नाही आणि स्प्रिंग, शू, मॅग्नेट, ॲडजस्टर सगळं नवं मिळतं. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलवर बहुधा १० इंची ब्रेक चार बोल्टांवर असतो, त्याहून जड ॲक्सलवर १२ इंची ब्रेक पाच बोल्टांवर. मागवण्यापूर्वी ड्रमचा आतला व्यास आणि बोल्टांची संख्या स्वतः पाहा. डावी आणि उजवी असेंब्ली वेगळी असते: आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या दिशेला यायला हवा. बाजू उलटी झाली तर ब्रेक लागेल, पण मिळमिळीत.

ड्रम परत बसवताना बेअरिंग नव्या ग्रीसने भरा, सील आणि कॉटर पिन नवी घाला. ड्रम फिरवत राहून नट आधी घट्ट करा, मग पूर्ण ढिला करून हाताने टेकेपर्यंत आणा आणि कॉटर पिन घाला. त्यानंतर मागच्या खाचेतून चांदणीसारख्या दातांचं ॲडजस्टरचं चाक फिरवून शू पसरवा. चाक हाताने फिरवणं जड झालं की उलटं फिरवत ढिलं करा. किंचित घासल्याचा आवाज येतोय पण चाक मोकळं फिरतंय, इथे थांबा. शू ड्रमपासून लांब राहिले तर वायरिंग कितीही चांगलं असो, ब्रेक उशिरा आणि कमजोरच लागतो.

कॅम्परखालची वायर

जुन्या कॅम्परमध्ये एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी वायर बरेचदा ॲक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र ती वर्षानुवर्षं नळीच्या भिंतीवर आपटत राहते. बाहेर ओढून पाहिलीत तर एका ठिकाणी इन्शुलेशन पार घासून गेलेलं आणि उघडं तांबं काळपट-हिरवं पडलेलं सापडेल. खड्ड्यातून जाताना ते नळीला टेकतं, क्षणभर शॉर्ट होतं, कंट्रोलर एरर दाखवतो, आणि गाडी थांबवून बघावं तर सगळं व्यवस्थित. कधी येणाऱ्या, कधी न येणाऱ्या दोषाचं उगमस्थान पुष्कळदा इथेच असतं. ती वायर आतच कापून सोडा आणि नवी वायर ॲक्सलच्या बाहेरून, मागच्या बाजूने, नालीदार प्लास्टिक नळीत घालून क्लिपने बांधून न्या. ॲक्सल वर-खाली होतो, म्हणून चॅसीवरून ॲक्सलवर उतरताना वायरला थोडी ढील ठेवा.

आता गेजचा, म्हणजे वायरच्या जाडीचा प्रश्न; गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. ट्रकच्या कंट्रोलरपासून मागच्या ॲक्सलपर्यंत १२ मीटर अंतर धरू. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून वायर २४ मीटर. १६ गेजच्या वायरीत या लांबीचा रोध सुमारे ०.३२ ओहम होतो. चार मॅग्नेटचा ०.८ ओहम त्यात मिळवला, तर १३ व्होल्टपैकी साधारण ३.७ व्होल्ट वायरीतच संपतात आणि मॅग्नेटला ९.३ व्होल्ट उरतात. तेच १२ गेजच्या वायरीत मॅग्नेटला सुमारे ११.२ व्होल्ट मिळतात, आणि १० गेजच्या वायरीत ११.८. कॅम्परच्या मूळ वायरिंगमध्ये बारीक वायर दिसली की दोष कुठे आहे ते या हिशेबावरून समजतं. एक ॲक्सल असेल तर १२ गेज पुरे. दोन ॲक्सल असतील तर १० गेजची वायर घ्या आणि निर्धास्त व्हा.

या हिशेबातला अर्धा वाटा परतीच्या वायरीचा आहे, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. जुन्या कॅम्परमध्ये मॅग्नेटची एक तार ॲक्सलला किंवा चॅसीला स्क्रूने अडकवून दिलेली असते. करंट मग गंजलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधून, रंगाच्या थरांमधून आणि कधीकधी हिचच्या ग्रीस लावलेल्या बॉलमधून ट्रककडे जायचा रस्ता शोधत बसतो. असं ठेवू नका. मॅग्नेटच्या दोन तारांना धन-ऋण असा भेद नसतो. कोणतीही एक निळ्या वायरीला आणि दुसरी पांढऱ्या वायरीला जोडा. ती पांढरी वायर निळीच्याच गेजची, अखंड, थेट पुढच्या जंक्शन बॉक्सपर्यंत न्या. तिथून एक तार चॅसीलाही द्या, पण रंग खरवडून, स्वच्छ धातूवर, दातेरी वॉशर लावून.

जोड देताना आतून गोंद असलेल्या हीटश्रिंकचे क्रिम्प कनेक्टर वापरा आणि रॅचेटचा क्रिम्प चिमटा. वायर न सोलता दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप कनेक्टर चॅसीखाली पाण्यात टिकत नाहीत, आणि घरातल्या वायरिंगच्या पिळायच्या टोप्या तर इथे अजिबात नकोत. क्रिम्प झाल्यावर वायर जोर लावून ओढून पाहा. हाताने सुटली तर रस्त्यावर सुटलीच असती.

पूर्ण झालं की जंक्शन बॉक्समध्ये निळ्या आणि पांढऱ्या वायरीमधला रोध मोजा. चार चाकं असलेल्या कॅम्परला ०.८ ओहमच्या थोडं वर आलं तर चारही मॅग्नेट जोडलेले आहेत. १.१ च्या आसपास आलं तर एक कुठेतरी तुटलाय, १.६ आलं तर दोन, ३.२ आलं तर एकच काम करतोय. चाक न काढता मिळणारी इतकी सोपी माहिती दुसरी नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला हे मोजावं.

रंगांवर विश्वास ठेवू नका

सात वायरींच्या रंगांच्या दोन पद्धती चालतात. दोन्हींत पांढरी अर्थ, निळी ब्रेक आणि काळी बॅटरीची चार्ज लाइन असते. पण कॅम्परच्या जुन्या पद्धतीत हिरवी टेल लाइटची, लाल डाव्या इंडिकेटर-ब्रेक दिव्याची आणि तपकिरी उजव्याची असते. दुसऱ्या पद्धतीत तपकिरी टेल लाइटची, पिवळी डावीकडची आणि हिरवी उजवीकडची. त्यात आधीच्या मालकांनी हाताला लागेल ती वायर वापरलेली असते. म्हणून १२ व्होल्टची सुटी बॅटरी घ्या, ऋण टोक पांढऱ्या वायरीला लावा आणि फ्यूज असलेल्या तारेने बाकीच्या वायरींना एकेक करून धन टोक टेकवा. कोणता दिवा लागतो ते पाहून प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावा. कॅम्परमध्ये बॅटरी असेल तर या कामाआधी ती सोडवून ठेवा.

नव्या प्लगच्या मागच्या बाजूला प्रत्येक स्क्रूजवळ खूण छापलेली असते, त्याप्रमाणे जोडा. नकाशावरून जोडत असाल तर तो प्लगच्या तोंडाकडून काढलाय की पाठीकडून, हे आधी पाहा. एकाचा आरसा दुसरा असतो, आणि चार्ज लाइन ब्रेकच्या जागी गेली तर प्लग लावताक्षणी चाकं जाम होतील.

ब्रेकअवे स्विच

कॅम्पर हिचमधून सुटला तर तो स्वतःहून थांबावा, यासाठी हा स्विच असतो. पुष्कळ जुन्या कॅम्परवर तो नसतो किंवा आत गंजून मेलेला असतो. जोडणी अगदी सोपी आहे: एक तार कॅम्परच्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी निळ्या ब्रेक वायरीला, बॅटरीचं ऋण टोक पांढऱ्या वायरीला. स्विचमध्ये एक पिन खुपसलेली असते आणि तिची दोरी ट्रकला बांधलेली; कॅम्पर सुटून ती पिन निघाली की बॅटरीचा पूर्ण करंट मॅग्नेटला जातो. अमेरिकेच्या संघीय नियमांत व्यावसायिक ट्रेलरसाठी असे ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत अशी अट आहे. घरच्या कॅम्परसाठीही तेच माप धरावं. बॅटरी त्या हिशेबाने चार्ज हवी.

पिनेची दोरी ट्रकच्या चॅसीच्या किंवा हिच रिसीव्हरच्या (बॉल माउंट ज्यात बसतो त्या नळीच्या) पक्क्या भागाला बांधा. बॉल माउंटला किंवा सेफ्टी चेनला बांधली तर तोच भाग निसटल्यावर पिन ओढलीच जाणार नाही. चाचणी घेताना आधी ट्रकचा प्लग काढा, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो जळू शकतो. चाक उचलून हाताने फिरवा, पिन ओढा. चाक तत्काळ अडकलं पाहिजे. पिन लगेच परत घाला, कारण तशीच राहिली तर मॅग्नेट तापतात आणि बॅटरी उतरते.

ट्रककडची बाजू

ट्रक कोणत्या काळातला आहे यावर इथलं काम ठरतं. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटीत कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली, पुढे इतरांनीही. तसा ट्रक असेल तर मागच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज तपासलं की झालं. त्याआधीच्या, ओढण्यासाठी सज्ज करून विकलेल्या अनेक पिकअपमध्ये डॅशबोर्डखाली कंट्रोलरसाठी रिकामा कनेक्टर असतो. मॉडेलनुसार तयार हार्नेस मिळतो, तोच घ्या. खूप जुन्या ट्रकमध्ये कधीकधी मास्टर सिलिंडरच्या तेलाच्या नळीला जोडलेला हायड्रॉलिक कंट्रोलर सापडतो. तो काढून नळी पूर्ववत करा आणि ट्रकच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या.

काहीच तयार नसेल तर चार वायरींचं काम आहे. बॅटरीचं ऋण टोक सोडवून सुरुवात करा. कंट्रोलरची काळी वायर थेट बॅटरीच्या धन टोकापासून आणा, आणि बॅटरीजवळच आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर लावा: एक-दोन ॲक्सलसाठी २० अँपिअर, तीन-चार ॲक्सलसाठी ३०. पांढरी वायर डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी स्क्रूला न देता बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या. निळी वायर चॅसीच्या कडेने मागच्या सॉकेटला जाते. सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

लाल वायरीला जास्त लक्ष द्या. ती ब्रेक पेडलच्या स्विचच्या त्या तारेला जोडायची, जिच्यात पेडल दाबल्यावरच व्होल्टेज येतं. मागच्या दिव्याजवळ सोयीस्कर वायर मिळाली म्हणून तिथे जोडू नका. बऱ्याच पिकअपमध्ये ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा एकच असतो, आणि इंडिकेटर स्विचच्या पुढे जोडलं की हझार्ड लाइट लावताच कॅम्परचे ब्रेक तालावर लागू-सुटू लागतात. तपासायला मल्टिमीटर वापरा. टेस्ट लॅम्प काँप्युटरच्या तारांना घातक ठरू शकतो. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या तारांना हात लावू नका.

कंट्रोलर शक्यतो गाडी किती वेगाने थांबतेय हे ओळखून त्या प्रमाणात करंट सोडणारा घ्या. पेडल दाबल्यावर ठरावीक वेळाने करंट वाढवत नेणारे स्वस्त पडतात, पण गर्दीत हळूच ब्रेक लावला तरी त्यांचा धक्का बसतो. कंट्रोलर प्रवासाच्या दिशेने सरळ आणि घट्ट बसवा, हात पटकन पोचेल अशा जागी. कॅम्पर डोलायला लागला तर कंट्रोलरवरची हाताची पट्टी (पेडलशिवाय फक्त कॅम्परचे ब्रेक लावणारी) न बघता सापडली पाहिजे.

मोजा, मग रस्त्यावर काढा

कॅम्पर जोडा, ट्रक चालू करा, कंट्रोलर पूर्ण वाढवा आणि कुणाला तरी हाताची पट्टी शेवटपर्यंत दाबून धरायला सांगा. कमी सेटिंगवर कंट्रोलर करंट तोडून-तोडून सोडतो, त्यामुळे मीटरचा आकडा फसवा येतो; पूर्ण दाबूनच मोजा. निळ्या वायरीत अँपिअर पाहा: दोन मॅग्नेटला ६ च्या आसपास, चारांना १२ ते १४. मग सर्वांत मागच्या चाकाच्या मॅग्नेटच्या दोन तारांवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीच्या व्होल्टेजमधून वजा करा. फरक दोन व्होल्टच्या वर असेल तर शोध अजून संपलेला नाही. तेव्हा मीटरची एक पिन मॅग्नेटच्या पांढऱ्या तारेवर आणि दुसरी, लांब तारेने, ट्रकच्या बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. इथे एक व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थच्या बाजूला आहे, नाहीतर निळीच्या. ट्रकच्या कंपनीने बसवलेले काही कंट्रोलर गाडी उभी असताना पूर्ण व्होल्टेज सोडत नाहीत. तिथे कॅम्परची बाजू सुट्या बॅटरीवर वेगळी तपासा.

रस्ता कोरडा, सपाट आणि रिकामा निवडा. सुमारे २५ मैलांच्या (४० किलोमीटर) वेगात ट्रकच्या पेडलला पाय न लावता हाताची पट्टी पूर्ण दाबा. कॅम्पर ट्रकला मागे खेचतोय हे स्पष्ट जाणवलं पाहिजे. चाकं जाम होईपर्यंत गेन (कॅम्परचे ब्रेक किती जोराने लागावेत याची कंट्रोलरवरची सेटिंग) टप्प्याटप्प्याने वाढवा आणि जाम होण्याच्या किंचित खाली आणून ठेवा. नवे शू असतील तर ४० मैलांवरून २० पर्यंत अशी हलकी ब्रेकिंग, मध्ये ड्रम थंड व्हायला वेळ देत, बऱ्याचदा करा. शू ड्रमला बसले की गेन पुन्हा लावावा लागतो. सामान, पाणी भरल्यावरही तो तपासा, कारण रिकाम्या कॅम्परला बसवलेला आकडा भरलेल्या कॅम्परला अपुरा पडतो.

चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा, आणि १०, २५ व ५० मैलांनंतर पुन्हा तपासा. त्याच थांब्यांवर ड्रमजवळ हात नेऊन पाहा: एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला शू घासतोय, एक अगदी थंड असेल तर तो मॅग्नेट काम करत नाही. पहिल्या २०० मैलांनंतर शूंचं ॲडजस्टमेंट पुन्हा करा, आणि पुढे दर ३,००० मैलांनी.